सोळा कार्बनचे अल्कोहोल

मॉइश्चरायझरच्या बाटलीमागची बारीक अक्षरांतली यादी वाचली, तर पाणी आणि ग्लिसरिन यांच्या पाठोपाठ बहुतेक वेळा एक नाव भेटते: सिटाइल अल्कोहोल. कधी ते सिटोस्टिअरिल किंवा सिटिअरिल अल्कोहोल असते, म्हणजे सिटाइल आणि स्टिअरिल या दोन अल्कोहोलांचे मिश्रण. अल्कोहोलने त्वचा कोरडी पडते हे ज्याच्या कानावर गेलेले आहे, तो ग्राहक बाटली परत फळीवर ठेवतो. त्याच बाटलीच्या दर्शनी भागावर ‘अल्कोहोल-फ्री’ असे छापलेले असेल, तर कंपनी आपल्याला फसवते आहे असा संशय येतो. दोन्ही प्रतिक्रिया स्वाभाविक आहेत आणि दोन्ही चुकीच्या आहेत. एखादा पदार्थ कोणत्या रासायनिक कुळातला आहे एवढ्यावरून तो अंगावर, केसांवर किंवा पाण्यावर कसा वागेल हे कळत नाही. त्यासाठी त्याच्या रेणूची लांबी-रुंदी पाहावी लागते. सिटाइल अल्कोहोल हे याचे उत्तम उदाहरण आहे, कारण क्रीमचा दाटपणा, कंडिशनरने मोकळे होणारे केस, धरणाच्या पाण्यावर झालेले प्रयोग आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी बनलेले एक औषध, या सगळ्यांचा उलगडा त्याच्या रेणूच्या एका वैशिष्ट्यातून होतो.

कार्बनच्या अणूला ऑक्सिजन आणि हायड्रोजनची एक जोडी, म्हणजे हायड्रॉक्सिल गट, जोडलेला असला की रसायनशास्त्र त्या पदार्थाला अल्कोहोल म्हणते. ढोबळमानाने एवढीच अट असल्यामुळे हे कुळ अफाट मोठे आहे. दारूतले आणि सॅनिटायझरमधले इथाइल अल्कोहोल त्यात येते. तसेच ग्लिसरिन, पुदिन्यातले मेंथॉल, ‘अ’ जीवनसत्त्वाचे रेटिनॉल हे रूप आणि रक्त तपासताना ज्याची धास्ती वाटते ते कोलेस्टेरॉलही येते. यांच्यातला फरक हायड्रॉक्सिल गटाला कार्बनचा केवढा सांगाडा जोडलेला आहे यावरून पडतो. मिथाइल अल्कोहोलमध्ये एक कार्बन असतो, इथाइलमध्ये दोन. हायड्रॉक्सिल गटाला पाण्याची ओढ असते आणि कार्बनच्या साखळीला तेलाची. साखळी आखूड असते तोवर पाण्याची ओढ जिंकते, म्हणून इथाइल अल्कोहोल पाण्यात हव्या त्या प्रमाणात मिसळते. चार कार्बनच्या ब्यूटाइल अल्कोहोलपर्यंत पोचलो की १०० मिलिलिटर पाण्यात जेमतेम ७-८ ग्रॅम विरघळते. आठ कार्बनला विरघळणे जवळपास थांबते. सिटाइल अल्कोहोलमध्ये एका सरळ रांगेत १६ कार्बन असतात. इथाइल अल्कोहोल ७८ अंश सेल्सिअसला उकळते, तर सिटाइल अल्कोहोल वितळायलाच सुमारे ४९ अंश लागतात. ते हातात घेतले तर पांढऱ्या मेणाच्या पापुद्र्यांसारखे लागते. स्पिरिट चोळल्यावर गार वाटते ते त्याची वाफ होते म्हणून, आणि त्वचा ताठरते ती स्पिरिट तिच्यातली स्निग्ध द्रव्ये विरघळवते म्हणून. सिटाइल अल्कोहोल शरीराच्या तापमानाला जागचे हलत नाही, आणि त्वचेतला स्निग्धांश धुऊन नेण्याऐवजी स्वतःच त्यावर एक पातळ स्निग्ध थर धरते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानेही स्पष्ट केले आहे की सौंदर्यप्रसाधनांवर ‘अल्कोहोल-फ्री’ लिहिले असेल, तर त्याचा रोख इथाइल अल्कोहोलकडे असतो. अशा वस्तूंत सिटाइल, स्टिअरिल किंवा लॅनोलिन अल्कोहोल असू शकते.

हा पदार्थ माणसाला पहिल्यांदा सापडला तो देवमाशाच्या डोक्यात. स्पर्म व्हेल या देवमाशाच्या डोक्यातल्या पोकळीत मेणासारखे एक द्रव्य भरलेले असते. त्यापासून केलेल्या मेणबत्त्या धूर न करता इतक्या एकसारख्या जळत, की १८६० साली ब्रिटनच्या कायद्याने प्रकाश मोजण्याचे एकक त्यांच्यावरच बेतले. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्हरल यांनी १८१७ मध्ये हे द्रव्य पोटॅशियम हायड्रॉक्साइडबरोबर तापवले आणि त्यातून सिटाइल अल्कोहोल वेगळे केले. तेल-चरबी म्हणजे मेदाम्ले आणि ग्लिसरिन यांची जोडणी असते हे जगाला दाखवून देणारे संशोधक तेच. आज देवमाशाचा या उद्योगाशी संबंध उरलेला नाही. व्यापारी शिकारीवरची आंतरराष्ट्रीय बंदी १९८६ पासून अमलात आली, पण त्याच्या कितीतरी आधी, १९३० च्या दशकातच, वनस्पती तेलांतल्या मेदाम्लांवर उच्च दाबाखाली हायड्रोजनची क्रिया करून अशी अल्कोहोले बनवण्याचा मार्ग रुळला होता. पामतेलातल्या मेदाम्लांपैकी सुमारे ४४ टक्के पामिटिक आम्ल असते आणि त्याच्याही साखळीत नेमके १६ कार्बन असतात. म्हणून पामतेल हा सिटाइल अल्कोहोलचा सोयीचा स्रोत ठरला.

आता क्रीमच्या भांड्यात काय घडते ते जवळून पाहू, कारण सिटाइल अल्कोहोल म्हणजे नुसती भरती, खर्च वाचवण्यासाठी घातलेले मेण, हा दुसरा गैरसमज तिथे दूर होतो. एका भांड्यात लिक्विड पॅराफिन, सिटोस्टिअरिल अल्कोहोल आणि थोडे पायसकारक (तेल-पाणी एकत्र धरून ठेवणारे द्रव्य) असे सगळे स्निग्ध घटक ७०-७५ अंशांपर्यंत तापवून वितळवतात. दुसऱ्या भांड्यात पाणी तेवढेच गरम करतात. दोन्ही एकत्र करून घुसळले की दुधासारखे पांढरे, पातळ मिश्रण तयार होते. या घडीला ते ओतता येते, बोटावर घेतले तर ओघळते. ढवळत ढवळत ते गार होऊ दिले की पन्नाशीच्या खाली कुठेतरी त्याची वागणूक बदलते. ढवळणीला विरोध जाणवू लागतो, पृष्ठभागावर उमटलेली रेघ मिटेनाशी होते आणि खोलीच्या तापमानाला येईपर्यंत तेच पाणीदार मिश्रण डबीत उभे राहणारे क्रीम झालेले असते. यात बहुतेक वेळा निम्म्याहून जास्त पाणीच असते. ते पाणी थोपवून धरण्याचे काम सिटाइल-स्टिअरिल अल्कोहोलच्या रेणूंनी केलेले असते. गार होताना हे रेणू पायसकारकाला सोबत घेऊन दुहेरी थरांत रचले जातात. पाण्याची ओढ असलेली डोकी बाहेर, शेपट्या आत. असे थर चिरोट्याच्या पदरांसारखे एकावर एक चढतात आणि दोन पदरांच्या मध्ये पाणी अडकून पडते. तेलाचे थेंब या जाळ्यात जिथल्या तिथे अडकतात, एकमेकांत मिसळून वर येऊ शकत नाहीत. क्रीम फाटत नाही ते या जाळ्यामुळे.

इथे एक बारकावा सांगण्यासारखा आहे. बाजारातल्या क्रीममध्ये शुद्ध सिटाइल किंवा शुद्ध स्टिअरिल अल्कोहोलपेक्षा दोघांचे मिश्रण, म्हणजे सिटोस्टिअरिल, अधिक दिसते. स्टिअरिलमध्ये १८ कार्बन असतात आणि ते सुमारे ५९ अंशांना वितळते. एकाच लांबीचे रेणू वापरले तर क्रीम सुरुवातीला छान जमते, पण काही दिवसांनी रेणू आपापसात घट्ट स्फटिक बांधतात, पदर मोडतात, मधले पाणी सुटते आणि क्रीम पातळ होऊन मोत्यासारखे चकाकू लागते. दोन लांबींचे रेणू मिसळले की स्फटिकाची ही शिस्त बसत नाही आणि पदर टिकून राहतात. दोन कार्बनच्या फरकाने क्रीमचे आयुष्य बदलते. ज्याला भरती म्हणून हिणवले जाते, त्या घटकाची निवड इतकी काटेकोर करावी लागते.

कंडिशनरची गोष्ट याच्याच पुढची. ओल्या केसाच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो आणि शांपूने धुतलेल्या, टोकांशी झिजलेल्या केसांवर तो जास्त असतो. कंडिशनरमधले सेट्रिमोनियम किंवा बेहेनट्रिमोनियम क्लोराइड धनभारित असल्याने केसाला चिकटते आणि आपल्याबरोबर सिटाइल-स्टिअरिल अल्कोहोलचे पदर आणून बसवते. ओला केस केसावरून घसरतो तो या पदरांमुळे. बऱ्याच कंडिशनरांत या अल्कोहोलचे प्रमाण धनभारित घटकापेक्षा अधिक असते. त्यामुळे तो घटक कमी वापरला तरी भागते, आणि हे बरेच आहे, कारण डोळ्यांना चुरचुरतो तो तोच घटक.

लांब शेपटीच्या सामर्थ्याचा सर्वांत भव्य प्रयोग मात्र स्नानगृहापासून फार दूर, उघड्या जलाशयांवर झाला. सिटाइल अल्कोहोल पाण्यात विरघळत नाही आणि बुडतही नाही. ते पाण्यावर पसरते तेव्हा प्रत्येक रेणू डोके पाण्यात आणि शेपटी हवेत अशा अवस्थेत उभा राहतो. शेजारी-शेजारी दाटीने उभ्या राहिलेल्या या शेपट्यांतून पाण्याच्या रेणूला वर निसटणे अवघड जाते. अशा एकाच रेणूच्या जाडीच्या थराने बाष्पीभवन मंदावते हे १९२० च्या दशकातच प्रयोगशाळेत दिसले होते. आखूड साखळीची अल्कोहोले हे करू शकत नाहीत, कारण त्यांच्या शेपट्यांची अशी दाट रांग लागतच नाही. लागणारे प्रमाण पाहिले की थक्क व्हायला होते. एका रेणूला पृष्ठभागावर सुमारे २० चौरस अँगस्ट्रॉम जागा लागते. त्या हिशेबाने एक चौरस मीटर पाणी झाकायला सुमारे दोन मिलिग्रॅम आणि एक चौरस किलोमीटरला दोन किलो सिटाइल अल्कोहोल पुरते. थराची जाडी भरते मिलिमीटरचा सुमारे पाच लाखावा भाग. जायकवाडीचा नाथसागर तुडुंब भरला की सुमारे ३५० चौरस किलोमीटर पसरतो. कागदावरच्या हिशेबाने त्याला ७०० किलो, म्हणजे एका टेम्पोत मावेल एवढा माल पुरेल. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात या उथळ जलाशयातून किती पाणी वाफ होऊन जाते हे ठाऊक असलेल्याला हा आकडा स्वस्थ बसू देणार नाही.

ऑस्ट्रेलियात विल्यम मॅन्सफिल्ड यांनी १९५० च्या दशकात हे प्रत्यक्ष जलाशयांवर करून पाहिले आणि १९५५ मध्ये ‘नेचर’मध्ये त्याविषयी लिहिले. १९५८ मध्ये अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यातल्या हेफनर तलावावर मोठी चाचणी झाली. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही या प्रश्नावर संशोधन झाले. तिथल्या संशोधकांनी तशीच लांब शेपटी ठेवून डोक्याजवळ आणखी एक ऑक्सिजन जोडलेल्या अल्कॉक्सी इथेनॉल वर्गातली संयुगे अभ्यासली. पण प्रयोगशाळेतल्या परातीत निम्म्याहून अधिक बाष्पीभवन थांबवणारा थर हेफनर तलावावर सुमारे ९ टक्केच बचत देऊ शकला. वारा थर एका काठाला लोटून नेतो, लाटा तो फाडतात आणि पाण्यातले जिवाणू तो चक्क खाऊन टाकतात. शिवाय वाफ होणे थांबले की पाण्याची उष्णता बाहेर पडत नाही, पाणी तापते, आणि थर फाटताच ते अधिक वेगाने उडू लागते. त्यामुळे मोठ्या धरणांवर हा उपाय रूढ झाला नाही, आणि तो न होणे योग्यच होते. ७०० किलोचा हिशेब एका वेळेचा, वारा पडलेला असतानाचा आहे. तरी वाऱ्यापासून आडोसा असलेल्या लहान तलावांसाठी, टंचाईच्या ऐन दोन-तीन महिन्यांपुरता, या कल्पनेचा विचार सोडून देऊ नये असे माझे मत आहे. तो थर जिवाणू खातात ही अभियंत्याची अडचण असली, तरी पाण्याच्या आरोग्याच्या दृष्टीने ती जमेची बाजू आहे.

पृष्ठभागावर पसरण्याच्या याच गुणाने सिटाइल अल्कोहोल नवजात बालकांच्या औषधातही गेले. फुप्फुसातले हवेचे सूक्ष्म फुगे श्वास सोडताना मिटून जाऊ नयेत म्हणून त्यांच्या आतल्या ओलसर पृष्ठभागावर एक स्निग्ध थर असतो. फार लवकर जन्मलेल्या बाळात तो तयार झालेला नसतो. कॅलिफोर्नियातले संशोधक जॉन क्लेमेंट्स यांनी या थराचा मुख्य घटक, सिटाइल अल्कोहोल आणि टायलोक्सापॉल अशा तीन द्रव्यांचे कृत्रिम मिश्रण विकसित केले. १९९० मध्ये अमेरिकेत त्याला एक्झोसर्फ या नावाने मान्यता मिळाली. मुख्य घटक एकटा पृष्ठभागावर वेळेत पसरत नाही. त्याला पसरवण्याची जबाबदारी सिटाइल अल्कोहोलवर होती. पुढे प्राण्यांच्या फुप्फुसांपासून काढलेली, प्रथिने असलेली औषधे अधिक लवकर गुण देतात असे दिसल्याने एक्झोसर्फ मागे पडले. ज्याला त्वचेचा शत्रू समजून बाजूला ठेवले जाते, तो पदार्थ एके काळी अशा बाळांच्या श्वासनलिकेत औषध म्हणून सोडला जात होता, एवढे ध्यानात असू द्यावे.

आता आक्षेपांकडे वळू, कारण काही आक्षेपांत तथ्य आहे. पहिला असा, की अशी क्रीम लावून इसब वाढल्याची उदाहरणे आहेत. ती खरी आहेत. ब्रिटनमध्ये ‘ॲक्वियस क्रीम’ नावाचे स्वस्त मलम वर्षानुवर्षे इसबाच्या रुग्णांना दिले जाई. त्यात सिटोस्टिअरिल अल्कोहोल होते. २०१३ मध्ये तिथल्या औषध नियामक संस्थेने इशारा दिला की या मलमाने, विशेषतः इसब असलेल्या मुलांच्या त्वचेची आग होऊ शकते. पण संशयाचे बोट होते त्यातल्या सोडियम लॉरिल सल्फेटकडे. लॉरिलची साखळी १२ कार्बनची असते आणि तिला विद्युतभारित सल्फेटचे डोके बसवलेले असते. अशा रेणूला पाणी आणि तेल दोन्ही सारखेच मानवतात, म्हणून तो त्वचेच्या स्निग्ध थरात शिरून तो सैल करतो. कपड्यावरचा तेलकट डाग काढायला हाच गुण लागतो. तास न् तास अंगावर राहणाऱ्या मलमात तो नको. एकाच डबीतले हे दोन घटक लांबच्या नात्यातले असूनही उलटे वागले, ते साखळीच्या लांबीमुळे आणि डोक्याच्या स्वभावामुळे.

दुसरा आक्षेप मुरुमांचा. सिटाइल अल्कोहोल रंध्रे बुजवते असे सांगणारे तक्ते सर्वत्र फिरत असतात. त्यांचे मूळ सशाच्या कानाच्या आतल्या त्वचेवर केलेल्या जुन्या चाचण्यांत आहे. ती त्वचा माणसाच्या चेहऱ्यापेक्षा कितीतरी अधिक संवेदनशील असते, आणि एकेका घटकाची अशी चाचणी पूर्ण क्रीमविषयी फारसे काही सांगत नाही. ज्यांची त्वचा तेलकट आहे आणि मुरुमांना सरावलेली आहे त्यांनी जाड क्रीम टाळावे हे ठीक आहे, पण एका घटकावर खापर फोडण्याइतका पुरावा नाही. ॲलर्जीचा आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेतो. सिटोस्टिअरिल अल्कोहोलची स्पर्शजन्य ॲलर्जी नोंदली गेलेली आहे. ती एकूणात विरळ आहे, पण पायाच्या नसा फुगून झालेल्या जुनाट जखमांवर महिनोन्महिने मलमे लावणाऱ्या रुग्णांत ती अधिक दिसते. फुटलेल्या, सुजलेल्या त्वचेतून शरीराची प्रतिकारयंत्रणा अशा पदार्थाला वारंवार सामोरी जाते, म्हणून हे घडते. अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या मंडळाने १९८८ मध्ये या अल्कोहोलांचा आढावा घेऊन ती प्रसाधनांत सुरक्षित ठरवली. तो निर्वाळा मला मान्य आहे, आणि हा अपवादही मान्य आहे.

याहून खोल आक्षेप एका दुर्मीळ आनुवंशिक आजारातून काढता येतो. स्वीडनमधल्या रुग्णांवरून १९५७ मध्ये वर्णिलेल्या शोग्रेन-लार्सन विकारात शरीरात लांब साखळीची अल्कोहोले साठतात. त्वचा जन्मापासून जाड व खवलेदार असते, पाय आखडतात, बौद्धिक वाढ खुंटते. मग हा पदार्थ विषारीच नव्हे काय? आजाराचे कारण पाहिले की उत्तर मिळते. या रुग्णांत ज्या विकराने (एन्झाइमने) अशा अल्कोहोलचे शेवटी मेदाम्लात रूपांतर व्हायचे तेच निकामी असते. बाकी सर्वांत ते काम रात्रंदिवस चालू असते, कारण लांब साखळीची अल्कोहोले आपले शरीर स्वतःच बनवते. त्वचेतून स्रवणाऱ्या तेलाचा सुमारे चौथा भाग मेण-एस्टरांचा असतो, म्हणजे मेदाम्लाला जोडलेल्या अशाच अल्कोहोलांचा. बाहेरून आलेले सिटाइल अल्कोहोल शरीराला ओळखीचे आहे, आणि त्याचे पामिटिक आम्ल झाले की ते तुपा-तेलातल्या पामिटिक आम्लाच्या वाटेने जाते.

उरतो पामचा प्रश्न. जगातल्या पामतेलापैकी चार-पंचमांशाहून अधिक इंडोनेशिया आणि मलेशियात होते, आणि त्या लागवडीपायी विषुववृत्तीय जंगले मोठ्या प्रमाणावर तोडली गेली आहेत. हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो आणि रेणूच्या गुणांची कितीही स्तुती करून तो पुसता येणार नाही. तरी तो लावायचा कुठे हे पाहिले पाहिजे. पामतेलाचा फार मोठा हिस्सा खाण्यात जातो आणि त्याचा सर्वांत मोठा आयातदार आपला देश आहे. दीर्घ साखळीच्या अल्कोहोलांतही मोठा वाटा जातो डिटर्जंटकडे. क्रीमच्या डबीपर्यंत थोडाच पोचतो. हीच अल्कोहोले खनिज तेलातल्या इथिलीनपासूनही बनतात, मात्र त्याचा भार दुसरीकडे पडतो. सोयाबीन वा सूर्यफुलाच्या तुलनेत पाम हेक्टरी कितीतरी जास्त तेल देतो, त्यामुळे सरसकट बहिष्काराने उलट अधिक जमीन नांगरली जाण्याचा धोका आहे. कंपन्यांना जाब विचारायचा तो तेल कोणत्या जमिनीतून आले याचा.

तेव्हा लेबलवर सिटाइल, स्टिअरिल, सिटिअरिल, बेहेनिल यांपैकी नाव दिसले, तर तेवढ्यासाठी बाटली खाली ठेवू नका. यादीच्या सुरुवातीलाच ‘अल्कोहोल डिनॅट’ किंवा नुसते ‘अल्कोहोल’ असेल, तर ते इथाइल आहे. कोरड्या त्वचेला ते टाळावे. घरात इसबाचे मूल असेल, तर अंगावर ठेवायच्या मलमात सोडियम लॉरिल सल्फेट नाही ना, हे पाहा. आणि पायावरची जुनी जखम मलम लावूनही चिघळतच असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना सिटोस्टिअरिल अल्कोहोलचे नाव घेऊन पॅच टेस्टबद्दल विचारा.